एक टेक : अहिंसाणुव्रत आणि अहमदाबादचा १९१८ चा गिरणीलढा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लिखित पाठ)



श्रावकाच्या बारा व्रतांत पहिले स्थान अहिंसाणुव्रताला आहे, हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. या व्रताचे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्याच्यावर शक्तीबाहेरचा भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे. प्रतिक्रमणात या अतिचारांची आलोचना आपण करतो. परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने हे शब्द ओठांवरून सहज सरकून जातात. अतिभारारोपण म्हटले की डोळ्यांपुढे चढावर धापा टाकणारा बैल उभा राहतो, अन्नपाननिरोध म्हटले की दाव्याला बांधलेली उपाशी गाय. आता दारात बैल नाही, गाय नाही. तेव्हा हे अतिचार आपल्या हातून घडणार तरी कसे, अशी एक सुखद समजूत होऊन बसली आहे.

मुळात शास्त्रकारांनी 'जीव' हा शब्द योजिला आहे. माणूसही जीवच होय. त्याच्या पाठीवरचा भार आणि त्याच्या पोटापुढे अडवलेले अन्न यांचा विचार अहिंसाणुव्रतात येतो किंवा नाही, हा प्रश्न आपल्यासारख्या व्यापारी समाजाने कधीतरी स्वतःला विचारावयास हवा. आजच्या विषयाचे नाव 'श्रद्धा, साधना आणि सामुदायिक मुक्ती' असे ठेवलेले आहे. त्यातील अखेरच्या दोन शब्दांवर काही जाणकार श्रावक अडखळतील, आणि ते योग्यच आहे. मोक्ष हा ज्याचा त्याचा आहे. तीर्थंकरही दुसऱ्या जीवाला हाताला धरून मोक्षाला नेत नाहीत, ते मार्ग दाखवतात. मग समुदायाची मुक्ती ही भाषा जैन दर्शनात बसते कशी? तिचे उत्तर असे देता येईल की, दुसऱ्याचा आत्मा आपण मुक्त करू शकत नाही हे खरे, पण आपल्या हाताने दुसऱ्याला घातलेला बंध आपल्याच हाताने सोडवावा लागतो. तो सोडवल्यावाचून आपलीही निर्जरा होत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातील ज्या सूत्रात जीव परस्परांना उपकारक होतात असे सांगितले आहे, ते सूत्र भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ साली, सर्व संप्रदायांनी मान्य केलेल्या जैन प्रतीकाखाली कोरले गेले. आज ते लग्नपत्रिकांवरही छापले जाते.

या सूत्राची कसोटी एका शहरात, एका कुटुंबात आणि आपल्याच धंद्यात कशी लागली, त्याची हकिगत येथे मांडावयाची आहे. ते शहर अहमदाबाद, ते कुटुंब साराभाईंचे, आणि तो धंदा कापडाचा.

अहमदाबादेतील पहिली कापड गिरणी रणछोडलाल छोटालाल यांनी काढली व ती १८६१ साली सुरू झाली. पुढील पन्नास वर्षांत साबरमतीकाठी धुराड्यांचे रान उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांहून या गिरण्या एका बाबतीत निराळ्या होत्या. त्या बहुतांशी स्थानिक वाणी, जैन व वैष्णव महाजनांच्या भांडवलावर उभ्या होत्या. मालक आणि मजूर एकाच गावचे, एकच भाषा बोलणारे. साराभाई हे त्यांतले प्रतिष्ठित श्वेतांबर जैन घराणे, आणि कॅलिको मिल ही त्यांची गिरणी. या घरात ११ नोव्हेंबर १८८५ रोजी अनसूयाबेन यांचा जन्म झाला. अंबालाल हे त्यांचे धाकटे बंधू, जन्म १८९०. आईवडिलांचे छत्र अनसूयाबेन यांच्या नवव्या वर्षी हरपले व चुलत्यांनी या भावंडांना वाढवले. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह करून देण्यात आला. तो टिकला नाही व त्या माहेरी परतल्या. त्या काळच्या श्रीमंत जैन घरातील अशा मुलीला दोनच वाटा मोकळ्या असत : एक दीक्षेची आणि दुसरी देवघराच्या कोपऱ्याची. अनसूयाबेन यांना तिसरी वाट धाकट्या भावाने काढून दिली. अंबालाल यांच्या साहाय्याने १९१२ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे एक लहानशी परंतु अर्थपूर्ण गोष्ट घडली. वैद्यकाच्या अभ्यासात प्राण्यांचे विच्छेदन करावे लागे. ते त्यांच्या जैन संस्कारांना पटले नाही आणि त्यांनी तो अभ्यासक्रम सोडून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. बेडकाच्या अंगावर सुरी चालवण्यास नकार देणारा हा हात पुढे कोठे पोहोचला, ते पाहण्याजोगे आहे. अहिंसा ही ताटापुरती आणि प्रयोगशाळेपुरती ठेवून थांबता आले असते. पुष्कळ जण तेथेच थांबतात आणि समाधानाने थांबतात.

१९१३ साली त्या मायदेशी आल्या व गिरणी मजुरांच्या वस्तीत मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. एके सकाळी घराबाहेरच्या आवारात मुलांचे केस विंचरत त्या बसल्या असता पंधरा-एक मजूर समोरून चालत गेले. झोपेत चालावे तसे. चौकशी केली तेव्हा कळले की, सलग छत्तीस तासांचे काम करून ती माणसे घरी परतत होती. दोन रात्री आणि मधला एक दिवस. हे ऐकून त्या हादरल्या, आणि मजुरांची संघटना करण्याचा विचार त्या दिवसापासून पक्का झाला, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. अतिभारारोपण हा शब्द त्यांनी त्या क्षणी उच्चारला असेल-नसेल. अर्थ मात्र समोरून चालत गेला होता.

१९१७ च्या पावसाळ्यात अहमदाबादेत प्लेगची साथ आली. मजूर जीव मुठीत धरून गावोगाव पळू लागले. युद्धकाळ असल्याने कापडाला मागणी प्रचंड, आणि माग बंद ठेवणे मालकांना परवडणारे नव्हते. तेव्हा साचेखात्यातील विणकरांना गिरणी सोडून जाऊ नये म्हणून पगाराच्या सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत बोनस देण्यात आला. ताणा भरणाऱ्या मजुरांना तो मिळाला नाही. ज्यांना कापडाची माहिती आहे त्यांना सांगावयास नको की, ताण्यावाचून बाणा चालत नाही. उभा धागा नसेल तर आडवा धागा कोणात गुंफणार? डिसेंबर १९१७ मध्ये या ताणेवाल्यांनी अनसूयाबेन यांच्या नेतृत्वाखाली संप केला. मालकांच्या बाजूचे प्रमुख होते अंबालाल. ज्या भावाने बहिणीला शिकवले, तिच्या शाळेला आधार दिला, त्याच्याविरुद्ध तिला उभे राहावे लागले.

अंबालाल यांच्याविषयी येथे दोन शब्द सांगणे न्यायाचे होईल, कारण अशा कथांत एकाला देव आणि दुसऱ्याला दैत्य करण्याची आपल्याला घाई असते. १९१५ साली गांधीजींनी कोचरब येथील आश्रमात दुदाभाई या अस्पृश्य समाजातील शिक्षकाला सहकुटुंब प्रवेश दिला, तेव्हा अहमदाबादच्या धनिकांकडून येणारी मदत आटली. आश्रम बंद करून वस्तीत राहावयास जाण्याची वेळ आली. अशा वेळी एक तरुण शेठ मोटारीतून आले, तेरा हजार रुपयांच्या नोटा गांधीजींच्या हाती ठेवल्या आणि निघून गेले. गांधीजींनी आत्मकथेत त्यांचे नाव सांगितले नाही. ते अंबालाल साराभाई होते, असे पुढील चरित्रकारांनी नोंदवले आहे. दान कसे द्यावे याचा हा वस्तुपाठ होय. परंतु दान देणारा हात आणि हिशेबाच्या वहीत मजुरी लिहिणारा हात एकाच माणसाचे असूनही वेगवेगळे वागू शकतात, हाही त्यातलाच पाठ आहे. गुप्तदान सोपे असते. मजुरी वाढवणे कठीण, कारण ती दरमहा द्यावी लागते आणि तिच्यावर आपले नाव कोरले जात नाही.

प्लेग ओसरला आणि १९१८ च्या प्रारंभी मालकांनी बोनस काढून घेण्याचे ठरवले. महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकरांनी पन्नास टक्के महागाई भत्ता मागितला, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले. प्रश्न लवादाकडे सोपवला गेला. मजुरांच्या बाजूने गांधीजी, वल्लभभाई पटेल व शंकरलाल बँकर होते, मालकांच्या बाजूने अंबालाल व अन्य दोन शेठ. काही गिरण्यांत मजुरांनी घाईने काम बंद केले, त्याचे निमित्त होऊन मालक लवादातून बाहेर पडले आणि २२ फेब्रुवारी १९१८ पासून गिरण्यांना टाळे लागले. टाळेबंदी म्हणजे मजुराच्या घरची चूल विझेपर्यंत वाट पाहणे. त्याला आपल्या परिभाषेत काय म्हणतात, ते प्रारंभी सांगून झालेच आहे.

गांधीजींनी भाव, मजुरी आणि मुंबईच्या गिरण्यांतील दर यांचा अभ्यास करून पस्तीस टक्के ही वाढ न्याय्य ठरवली आणि पन्नासचा आकडा मजुरांना सोडावयास लावला. व्यापाऱ्यांना यातली खुबी अधिक कळेल. पन्नास सांगून पस्तीसला यायचे, हा घासाघिशीचा रस्ता झाला. येथे पहिल्यापासूनच 'एकच भाव' अशी पाटी लागली. २६ फेब्रुवारीला साबरमतीच्या काठी एका बाभळीच्या झाडाखाली हजारो मजुरांनी प्रतिज्ञा घेतली की, पस्तीस टक्के मिळाल्याखेरीज कामावर जाणार नाही, दंगा करणार नाही, मालकाच्या मालमत्तेला हात लावणार नाही, शिवीगाळ करणार नाही. 'एक टेक', म्हणजे घेतलेल्या प्रतिज्ञेला चिकटून राहा, असे शब्द लिहिलेले फलक घेऊन मजुरांच्या मिरवणुका शहरातून शांतपणे निघू लागल्या. रोज संध्याकाळी त्याच झाडाखाली सभा होई आणि पत्रके वाटली जात. पत्रके गांधीजी लिहीत, ती निघत अनसूयाबेन यांच्या नावाने.

प्रतिज्ञेचे हे महत्त्व गांधीजींच्या ठायी कोठून आले, याचा एक धागा आपल्याकडे येऊन पोहोचतो. १८८८ साली विलायतेला जाण्यापूर्वी आईच्या समाधानासाठी मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. पुढे १८९१ मध्ये मुंबईत श्रीमद् राजचंद्रांचा सहवास घडला. प्रत्याख्यान ही आपल्याकडे रोजची गोष्ट. सकाळी नवकारसीपासून तिचा आरंभ होतो. हजारो मजुरांनी, ज्यांत हिंदू होते आणि मुसलमानही होते, एकाच वेळी घेतलेले सामुदायिक प्रत्याख्यान मात्र अहमदाबादने प्रथमच पाहिले असावे.

प्रतिज्ञा घेणे सोपे, आणि उपाशी पोटी पाळणे कठीण. मजुरांनी भिक्षेवर किंवा वर्गणीवर जगू नये, दुसरे कोणतेही प्रामाणिक काम करून पोट भरावे, ही गांधीजींची अट होती. साबरमती आश्रमात विणकाम शाळेची इमारत बांधली जात होती आणि पायात भरण्यासाठी वाळू हवी होती. मगनलाल गांधींनी हे काम मजुरांना देण्याचे सुचवले. नदीच्या पात्रातून डोक्यावर वाळूच्या टोपल्या घेऊन माणसांची रांग वर येऊ लागली, आणि त्या रांगेच्या अग्रभागी, डोक्यावर टोपली घेतलेल्या, अनसूयाबेन होत्या. कॅलिको मिलच्या मालकाची थोरली बहीण. सगळ्या लढ्यात भाषणे पुष्कळ झाली असतील. पण साधर्मिक वात्सल्याचा अर्थ धर्मबंधूंपुरता न ठेवता श्रमबंधूंपर्यंत नेला गेला तो त्या टोपलीने. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे एक तप सांगितले आहे. ते साधूंच्या सेवेपुरते मानण्याचा प्रघात आहे. मजुरांच्या रांगेत उभे राहून वाळू वाहणे हेही त्यात मोडते की नाही, याचा निर्णय विद्वज्जनांनी करावा. श्रावकाच्या साध्या बुद्धीला तरी ते मोडते असे वाटते.

दिवस लोटत गेले. १२ मार्चला मालकांनी टाळेबंदी उठवली आणि वीस टक्के मान्य असणाऱ्यांनी यावे असे जाहीर केले. काही पावले गिरणीकडे वळू लागली. अशा वेळी मजुरांच्या एका चाळीत एक कटू उद्गार निघाला. गांधीजी आणि अनसूयाबेन यांचे काय बिघडते, ते मोटारीतून येतात-जातात, चांगले खातात-पितात, मरण आमचे ओढवले आहे, अशा आशयाचा. तो गांधीजींच्या कानी गेला. त्यावर रागावण्यासारखे बरेच होते, परंतु गांधीजींनी त्यात तथ्य पाहिले. १५ मार्चच्या सभेत त्यांनी जाहीर केले की, तडजोड होईपर्यंत किंवा मजूर प्रतिज्ञेवर ठाम आहेत असे दिसेपर्यंत आपण अन्न घेणार नाही. सभेत रडू फुटले. मजुरांनी विनवले की, उपवास आम्ही करू, तुम्ही नको. अनसूयाबेन आणि काही मजुरांनी पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर उपवास केलाही. पुढे गांधीजींनीच त्यांना महत्प्रयासाने परावृत्त केले.

आता या उपवासाविषयी. अनशन हे बाह्य तपातील पहिले तप आणि त्याबाबत आपल्या समाजाचा अधिकार मोठा आहे. अठ्ठाई, मासखमण, वर्षीतप करणाऱ्यांच्या पायांना आपण हात लावतो. जैन दृष्टीने तप निर्जरेसाठी असते. तपाच्या बदल्यात काही फळ मागणे याला निदान म्हणतात आणि निदान हे शल्य मानले आहे. मग तीन दिवसांच्या या उपवासात निदान होते की नव्हते? गांधीजींचे म्हणणे असे की, उपवास मजुरांनी प्रतिज्ञा मोडू नये यासाठी होता, मालकांना नमवण्यासाठी नव्हता. परंतु त्याच आत्मकथेत त्यांनी निःसंकोच लिहून ठेवले आहे की, मालकांशी आणि विशेषतः अंबालाल यांच्याशी असलेल्या स्नेहामुळे त्यांच्यावर उपवासाचा दाब आला, आणि तो त्या उपवासातील मोठा दोष होता. तपस्व्याने स्वतःच्या तपाची अशी आलोचना उघड करावी, हे दुर्मिळ आहे. आपल्याकडे तपाची सांगता वरघोड्याने आणि प्रभावनेने होते, आलोचनेने क्वचितच. तेव्हा या लढ्यातील तपाचा विचार करताना दृष्टी गांधीजींच्या तीन दिवसांवरच खिळू नये. ज्या मजुराने पाणी पिऊन तीन आठवडे काढले आणि तरीही मालकाच्या काचेला दगड लावला नाही, त्याच्या अनशनाची पत्रिका कोणी काढली नव्हती. त्याला अनशन हा शब्दही ठाऊक नसेल.

१८ मार्चला समेट झाला आणि तो झाला एका विलक्षण तोडीने. मजुरांची प्रतिज्ञा पस्तीस टक्क्यांची होती, आणि मालकांचाही हट्ट होता की, वीसच्या वर एक पैसा देणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांचा शब्द राहिला. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस टक्के, लवादाचा निवाडा येईपर्यंत. कोणी म्हणेल की हे व्यापारी डोके झाले. गांधीजींनाही ते खुपले. प्रतिज्ञेची अक्षरे पाळली गेली, आत्मा नव्हे, असे त्यांनी समेटाच्या वेळीच कबूल केले. द्रव्य-प्रत्याख्यान आणि भाव-प्रत्याख्यान हा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही खंत लगेच उमगेल.

समेटाच्या आनंदात मालकांनी त्याच बाभळीखाली मिठाई वाटावयास घेतली. एकवीस दिवस शिस्तीने वागलेल्या या सभेत त्या मिठाईवर एकच झुंबड उडाली, ढकलाढकली झाली, मिठाई पायदळी गेली. गिरण्यांचे मजूर एवढे बेशिस्त कसे, म्हणून पुष्कळांना नवल वाटले. चौकशीअंती कळले की, शहरातील भुकेले भिकारी बातमी ऐकून धावत आले होते आणि गोंधळ त्यांच्या रेटारेटीमुळे झाला. उरलेली मिठाई मग अंबालाल यांच्या मिरझापुरातील बंगल्याच्या आवारात नेऊन वाटण्यात आली. भावाच्या अंगणात बहिणीच्या संपाचे पेढे, असे म्हणावयास हरकत नाही. आनंदशंकर ध्रुव यांचा लवादाचा निवाडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, आणि त्यांनी आकडा ठरवला तो पस्तीस टक्के. या लढ्याची हकिगत महादेवभाई देसाईंनी 'एक धर्मयुद्ध' या नावाने लिहून ठेवली आहे.

लढा संपला तरी अनसूयाबेन यांचे काम थांबले नाही. २५ फेब्रुवारी १९२० रोजी मजूर महाजन संघ स्थापन झाला आणि त्याच्या अध्यक्षपदी त्या आल्या. सारे गाव त्यांना मोटाबेन म्हणे. या संस्थेच्या नावातील 'महाजन' हा शब्द मुद्दाम ध्यानात घ्यावा. महाजन म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ. भाव, रजा, देवस्थान, पांजरपोळ या सर्वांची व्यवस्था पाहणारी आपल्या पूर्वजांची संस्था. ते नाव मजुरांनी धारण केले आणि व्यापाऱ्यांच्या लेकीने त्याला मान्यता दिली.

हे सर्व निर्दोष होते असे नाही. साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या मजुरांना प्रवेश नसे, कारण धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि एकाचा ओठ लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. ते मजूर मुख्यतः सूत कातण्याच्या खात्यात असत. १९१८ ची प्रतिज्ञा विणकरांच्या प्रश्नावर घेतली गेली. सूतखात्यातील मजूर १९२० मध्ये मजूर महाजनात एकत्र आले खरे, तरी साचेखात्याचे दार त्यांना पुढेही पुष्कळ वर्षे बंदच होते. बाभळीखाली एकत्र बसलेली माणसे गिरणीत गेल्यावर पुन्हा वेगळी होत.

हकिगत येथेही संपत नाही, आणि पुढचा भाग कापडाच्या व्यापाऱ्यांनी जरा सरसावून ऐकण्यासारखा आहे. १९७१ साली मजूर महाजनाच्या महिला विभागात इला भट्ट काम करीत होत्या. त्यांना अहमदाबादच्या कापड बाजारात डोक्यावरून माल वाहणाऱ्या स्त्रिया भेटल्या. घाऊक पेढीतून किरकोळ दुकानात आणि दुकानातून पेढीत कापडाच्या गाठी वाहणाऱ्या या बायकांना खेपेवर मजुरी मिळे. किती खेपा झाल्या याची नोंद नाही, गाठीच्या वजनाचा विचार नाही, मिळेल ते घ्यावयाचे. आपल्या महाराष्ट्रात डोक्यावर भार वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा १९६९ साली झाला होता. या स्त्रियांना मात्र कोणत्याही कायद्याने मजूर म्हटलेले नव्हते. इलाबेन यांनी त्यांच्या अवस्थेवर स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहिला. व्यापारी दुखावले. त्यांनी प्रत्युत्तरादाखल लेख छापून आणला की, हे आरोप खोटे आहेत, आम्ही या स्त्रियांना योग्य मजुरी देतो.

महिला विभागाने त्यावर वाद घातला नाही. व्यापाऱ्यांनी स्वतःच छापून सांगितलेली मजुरीची ती हमी छोट्या कार्डांवर जशीच्या तशी छापून घेतली आणि कार्डे बाजारातील स्त्रियांना वाटून टाकली. त्यातूनच डिसेंबर १९७१ मध्ये 'सेवा' ही संघटना जन्मली व एप्रिल १९७२ मध्ये तिची नोंदणी झाली. अनसूयाबेन त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, वारल्या. त्या सुमारास अहमदाबादच्या कापड बाजारात डोक्यावर गाठ आणि हातात कार्ड घेतलेली बाई पेढीच्या पायरीशी येऊन उभी राही आणि शेठना त्यांचाच शब्द दाखवी.